आपल्यात लेखी कशाला?

'आपल्यात लेखी कशाला?' हे वाक्य आम्ही उच्चारले तेव्हा ते आम्हाला मोठे सुसंस्कृत वाटले होते. २०१५ सालचा उन्हाळा होता. साक्रीतल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत चौघे जण बसलो होतो. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवणारे; तिसरा त्या छापखान्याचा मालक; आणि चौथा, काही वर्षे पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करून वडिलांच्या आजारपणामुळे गावी परतलेला आमचा मित्र. चौघांनी मिळून एक संकेतस्थळ काढायचे आणि ते व्यवसाय म्हणून चालवायचे, असे त्या दुपारी ठरले. कोणी किती पैसे घालायचे हेही ठरले. उठता उठता चौथ्याने विचारले, 'हे कुठे लिहून ठेवायचे का?' त्याला आम्ही जे उत्तर दिले ते या लेखाचे शीर्षक आहे.

संकेतस्थळ चार वर्षे चालले आणि बंद पडले. बंद पडल्याचे दुःख आता उरलेले नाही. लहान व्यवसाय बंद पडतच असतात. पण ते ज्या रीतीने बंद पडले त्यात आमचे नसलेले, इतरांनी विश्वासाने आमच्या हाती दिलेले असे काही कायमचे नाहीसे झाले. त्याचा दोष बाजाराला देता येत नाही, तंत्रज्ञानालाही देता येत नाही. तो त्या वाक्याचा आहे, असे आमचे मत झाले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे ते मांडावेसे वाटते, कारण आपण सगळेच लिखित शब्दावर जगणारी माणसे आहोत आणि तरीही परस्परांतले जे सर्वांत महत्त्वाचे तेच लिहायला बिचकतो.

१

उपक्रमाची मांडणी साधी होती. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना बी. ए., एम. ए. आणि सेट-नेट परीक्षांसाठी अभ्यासाचे लेख हवे असत. ते आम्ही लिहायचे आणि अल्प वर्गणी घेऊन संकेतस्थळावर द्यायचे. खानदेशातल्या लहान प्रकाशकांची पुस्तके मोठ्या शहरांतल्या दुकानांत सहसा पोचत नाहीत. त्यांची मागणी नोंदवून ती टपालाने पाठवायची. या दोन्हींतून जे मिळेल त्यावर तिसरे काम चालवायचे, ज्याला उत्पन्न नव्हते आणि ज्यासाठीच खरे तर हा सारा खटाटोप होता: अहिराणी मौखिक परंपरेचा संग्रह. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातल्या गाण्यांचे गावोगावचे पाठभेद. आमचे विद्यार्थी सुट्टीत घरी जात, आजीला, मावशीला, शेजारच्या म्हातारीला गायला लावत आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून आणत. पिंपळनेरच्या पट्ट्यातली मुले भिल्ल आणि कोकणा वस्त्यांतलीही काही गाणी घेऊन आली. त्यांचे अक्षरांकन करताना आमची फजिती होई, पण तो आनंद वर्गातल्या कोणत्याही तासाला मिळाला नव्हता.

कामाची वाटणी आपोआप झाली. लेखन आणि संपादन आमच्याकडे. पुस्तकांची बांधाबांध, टपाल आणि हिशेब छापखान्याच्या मालकाकडे. 'बाकी सगळे' चौथ्याकडे. 'बाकी सगळे' हा शब्दप्रयोग आम्ही तेव्हा सर्रास वापरत असू. त्यात काय काय येत होते याची यादी आम्ही पुष्कळ उशिरा केली. संकेतस्थळ बांधणे, ते मोबाइलवर नीट दिसावे म्हणून पुन्हा एकदा बांधणे, वर्गणी भरण्याची सोय बँकेच्या यंत्रणेशी जोडणे, ध्वनिफितींतली पंख्याची घरघर आणि कुत्र्यांचे भुंकणे कमी करणे, परीक्षेच्या आदल्या रात्री संकेतस्थळ कोलमडले की दोन वाजता उठून ते उभे करणे. डोमेन नाव त्याच्या नावावर नोंदले गेले, कारण त्या दिवशी ऑनलाइन पैसे भरता येणारे कार्ड त्याच्याकडेच होते. सर्व्हरचे भाडेही त्याच्याच कार्डातून जाऊ लागले. त्यात मालकीचा कावा काही नव्हता. ते त्याच्या अंगावर पडलेले ओझे होते.

आम्हाला मात्र वाटे, संकेतस्थळ म्हणजे मजकूर आणि मजकूर म्हणजे आम्ही. आशय आणि रूप वेगळे काढता येत नाहीत, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. व्यवहारात आम्ही ते सहज वेगळे केले. पहिल्या वर्षअखेरीस थोडी शिल्लक राहिली. लेख लिहिणाऱ्यांना आधी 'मानधन' आणि उरलेल्या रकमेचे चार भाग, अशी वाटणी झाली. चौथ्याच्या रात्रींना मानधन नव्हते, कारण ते लेखन नव्हते. तो काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याला आम्ही संमती समजलो.

२

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती स्वस्त इंटरनेट आले. आरंभी त्याचा आम्हाला लाभच झाला. दहिवेलचा विद्यार्थी आता आमचे पान आपल्या गावात उघडू शकत होता. पण वर्षभरात त्याच स्वस्ताईची दुसरी बाजू दिसली. एकाने वर्गणी भरायची आणि लेखाची फाइल व्हॉट्सॲपवरून साऱ्या वर्गाला पाठवायची, असा प्रघात पडला. पुढे टेलिग्रामवर विषयवार ढीगच लागले. फुकट पाहता येणाऱ्या व्याख्यानांच्या चित्रफिती आल्या. वर्गणीदार घटत गेले.

काय करायचे यावर मतभेद झाले. चौथ्याचे म्हणणे असे की लेख सर्वांना मोफत करावेत, पुस्तकांच्या विक्रीवर भर द्यावा आणि संग्रहासाठी उघडपणे देणगी मागावी. आज मागे वळून पाहता तो सर्वांत शहाणा सल्ला होता. आम्ही दोघांनी तो मानला नाही, कारण मोफत व्हायचे होते ते आमचे लेखन. छापखान्याचा मालक चौथ्याच्या बाजूचा. दोन विरुद्ध दोन. अशा वेळी निर्णय कसा घ्यायचा हे ठरलेलेच नव्हते, म्हणून तो घेतला गेला नाही. प्रत्येक बैठकीत चहा झाला, विषय पुढे गेला.

आणि मग जे घडले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. आमच्या दोघांपैकी एकाने संकेतस्थळावरचे काही लेख थोडी भर घालून परीक्षेची मार्गदर्शके छापणाऱ्या एका प्रकाशकाला दिले आणि एकरकमी पैसे घेतले. लेख माझे आहेत, ही त्यामागची समजूत. ती खोटी नव्हती. पण ते लेख ज्या नावाखाली विद्यार्थ्यांपर्यंत गेले, ज्या नावामुळे प्रकाशकाला हवेसे वाटले, ते नाव चौघांचे होते. बाकीच्यांना हे कळले ते पुस्तक बाजारात आल्यावर. भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. छापखान्यातल्या बैठका थांबल्या, एवढेच.

३

भागीदाराचा बाहेरचा वेळ आणि बाहेरचे उत्पन्न कोणाचे, या प्रश्नावर मराठीतली सर्वांत थोर भागीदारी मोडली आहे. आम्ही ती वर्गात शिकवतो, आणि तरीही ती आम्हाला तेव्हा आठवली नाही.

जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी ही माणसे आज आपल्याला पुतळ्यांसारखी दिसतात. त्या वेळी ती नव्या तंत्राच्या आणि नव्या वाचकवर्गाच्या भरवशावर, हाती फारसे भांडवल नसताना, छापखाना आणि वर्तमानपत्र चालवू पाहणारी शिक्षक मंडळी होती. १८८२ मध्ये चिपळूणकर गेले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. याहून घट्ट मैत्री कोणती असणार? तरीही १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'च्या संपादकपदावरून दूर झाले, १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला.

'आधी राजकीय की आधी सामाजिक' या सूत्रात हा इतिहास बसवून आपण मोकळे होतो. ते सूत्र चुकीचे नाही. 'केसरी'तली फूट त्यानेच पडली. पण सोसायटीतली फूट पाहिली की त्याखाली एक रोखठोक प्रश्न दिसतो. आजीव सभासदाने आपला सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेला द्यावी की बाहेरची कामे करून उत्पन्न मिळवावे? टिळक पहिल्या बाजूचे, आगरकर आणि गोखले दुसऱ्या. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा तो वाद टोकाला गेला. ध्येयाने एकत्र आलेल्या माणसांत वेळेचा आणि पैशाचा हिशेब काढणे क्षुद्रपणाचे वाटते. पण तो हिशेब निघतोच, फक्त उशिरा आणि कडवटपणे निघतो.

या प्रकरणातला एक भाग मात्र आम्हाला आज विशेष महत्त्वाचा वाटतो. १८९१ मध्ये या मंडळींनी वाटणी केली. छापखाना एकीकडे गेला. दोन्ही पत्रे, त्यांच्यावरच्या कर्जासह, टिळकांकडे आली. मने दुरावली होती, पण कोणाकडे काय जाते आणि कोणत्या बोज्यासह जाते, हे निश्चित झाले. म्हणून भागीदारी मोडली तरी 'केसरी' जगला. आमच्याकडे हे घडले नाही.

४

२०१९ मध्ये चौथ्याला पुन्हा पुण्यात नोकरी मिळाली. जाण्याआधी त्याने दोनदा विचारले, 'सर्व्हर कोणाकडे सोपवू?' आम्ही 'बघू' म्हणालो. आम्हाला ते समजत नव्हते आणि समजत नाही हे कबूल करायचे नव्हते. तो गेला. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच्या एका जुन्या ईमेलवर जात राहिली, जे तो उघडत नव्हता. कार्डाची मुदत संपली होती. भाडे थकल्याने आधी सर्व्हरवरची सामग्री काढून टाकली गेली, मग डोमेन नावाची मुदत संपली. मुदत संपल्यावर ते परत मिळवायला काही आठवडे मिळतात. ते आमच्या परीक्षांच्या हंगामात निघून गेले. आम्ही पाहिले तेव्हा आमचे नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतले होते.

छापखाना बंद पडला तर खिळे राहतात, अंक राहतात, निदान कोणाच्या तरी माळ्यावर गठ्ठा राहतो. इंटरनेटवरच्या व्यवसायाची सारी मालमत्ता दोन-तीन पासवर्डांत आणि एका नोंदणीतल्या नावात असते. ती ज्याच्याकडे असते त्याची असतेच असे नाही, पण त्याने हात काढला की ती कोणाचीच राहत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर आमची काही पाने सापडली. अक्षरे होती, आवाज नव्हते. मूळ फाइली विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर होत्या. मोबाइल केव्हाच बदलले होते. एका पेन ड्राइव्हवर थोड्या ध्वनिफिती निघाल्या. बहुतेक गेल्या.

२०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, आमची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. तिची आजी त्या लाटेत गेली होती. आजीने आमच्या संग्रहासाठी कानबाईची गाणी गायली होती. मुलीला दुसरे काही नको होते. 'सर, आजीचा आवाज मिळेल का?' एवढेच तिने विचारले. पेन ड्राइव्हवर ती ध्वनिफीत नव्हती. आम्ही तिला आजीच्या गाण्यांचे अक्षरांकन छापून दिले. तिने ते घेतले, वाचले, आणि 'यात एक शब्द चुकला आहे' असे हळूच सांगितले. तो पडताळून पाहण्याचा मार्ग उरला नव्हता.

व्यवसायातले नुकसान चौघांत वाटून घेता येते. हे नुकसान आमच्या चौघांपैकी कोणाचेच नव्हते.

५

त्यानंतर आम्ही भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ वाचला. आधी वाचायला हवा होता, हे सांगणे नको. संहिता म्हणूनही तो वाचनीय आहे. चौथे कलम भागीदारीची व्याख्या करते आणि तिला 'संबंध' म्हणते: सर्वांनी मिळून, किंवा सर्वांच्या वतीने एखाद्याने, चालवलेल्या व्यवसायाचा नफा वाटून घ्यायला कबूल झालेल्या व्यक्तींमधला संबंध. नववे कलम भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने आणि निष्ठेने वागावे, खरा हिशेब द्यावा, असे बंधन घालते. आम्ही कायद्याला रुक्ष समजत होतो. इथे तो आमच्यापेक्षा अधिक आस्थेने नात्याविषयी बोलत होता.

त्याहून धक्का देणारी गोष्ट वेगळीच होती. भागीदारी तोंडीही होऊ शकते. म्हणजे आम्ही लिहिले नाही म्हणून आमच्यात करार नव्हता, असे नव्हे. करार होता, फक्त त्याची कलमे आम्ही ठरवली नव्हती, म्हणून ती कायद्याने ठरवलेली होती. वेगळे ठरले नसेल तर तेराव्या कलमानुसार नफा-तोटा सर्वांना सारखा, आणि व्यवसायात केलेल्या कामाबद्दल कोणाही भागीदाराला वेगळा मोबदला नाही. आमचे 'मानधन' कशाच्या आधारावर होते? चौदाव्या कलमानुसार व्यवसायाचा नावलौकिक ही पेढीची मालमत्ता. सोळाव्यानुसार पेढीच्या मालमत्तेचा किंवा नावाचा उपयोग करून एखाद्या भागीदाराने स्वतःसाठी मिळवलेला नफा पेढीला देणे. मार्गदर्शकाच्या प्रकाशकाकडून मिळालेली रक्कम कोणाची, याचा विचार तिथे १९३२ सालीच करून ठेवलेला होता. आणि पेढीची नोंदणी झालेली नसेल तर एकोणसत्तराव्या कलमानुसार करारातले हक्क बजावून घेण्यासाठी भागीदाराला पेढीवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावाही लावता येत नाही. चौथ्याच्या मनात तसे कधी आले नाही, हा त्याचा चांगुलपणा. आले असते तरी त्याच्या हाती काही नव्हते, ही आमची कृती.

ध्वनिमुद्रणांचा प्रश्न याहून वेगळा. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले. त्या आज्या-मावशांना आम्ही नाव विचारले, गाव विचारले; तुमच्या आवाजाचे काय करायचे, हे विचारले नाही. त्या आमच्या भागीदार नव्हत्या. पण आमच्या भागीदारीवर सर्वांत मोठा विश्वास त्यांनीच टाकला होता.

६

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्ही स्वतःशीही घेऊन पाहिला आहे. चार मित्रांनी हौसेने काढलेल्या उपक्रमात पहिल्याच दिवशी मोडण्याच्या अटी लिहायच्या म्हणजे बोहल्यावर घटस्फोटाचा मसुदा वाचण्यासारखे नाही का? ज्या गोष्टी विश्वासावर चालतात त्या कागदावर आणल्या की विश्वासच उणावतो, असे आपल्याकडे मानतात.

पण हे 'आपल्याकडे' नेमके कुठले? खानदेशातल्या शेतीत सालदाराचे साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे ठरते. पैसे किती, धान्य किती, कपडे कोणते, उचल किती झाली, हे दोन्ही बाजू समोरासमोर बसून बोलतात. ते सारखेपणाचे नाते नव्हे. सालदाराच्या वाट्याला त्यात अन्यायही पुष्कळ येतो. तरी वर्षातून एक दिवस संबंधाचा हिशेब करायचा असतो, आणि पुढे चालायचे की थांबायचे हे त्या दिवशी विचारायचे असते, ही जाण त्या रीतीत आहे. सावडीत दोन शेतकरी बैल जोडतात तेव्हाही आधी कोणाचे रान आणि किती दिवस, हे बोलून घेतात. बोलणे टाळणारी रीत मातीतली नव्हे. ती आमच्यासारख्या शिकलेल्यांची आहे. पैशाचा उल्लेख आला की आम्हाला आपण हलके झालो असे वाटते, आणि ज्याला त्याची गरज अधिक तोच बिचारा गप्प बसतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. लिहून ठेवल्याने भागीदारी टिकते का? टिकतेच असे नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीला नियम होते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली ती दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच भागीदारांची. त्यांतले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकत्र घडलेले, आणि कुलकर्णींचे पाठबळ भांडवलाचे. दिग्दर्शन, ध्वनी, कला, छायाचित्रण अशी कामाची विभागणी इतकी नेटकी की चित्रपटाचा आशय कोणाचा आणि तंत्र कोणाचे, हा आमचा बालिश प्रश्न तिथे पडलाच नसावा. १९३३ मध्ये ते पुण्याला आले, १९३६ मध्ये 'संत तुकाराम' झाला. तरी १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. अलीकडचे उदाहरण मुंबईतलेच. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईतल्या बारा मित्रांनी हाउसिंग डॉट कॉम काढली. मोठमोठे गुंतवणूकदार आले, वकिलांनी लिहिलेले करार आले, तरी २०१५ मध्ये प्रमुख संस्थापकाला संचालक मंडळाने दूर केले आणि २०१७ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. कागद मैत्री वाचवत नाही.

कागद वाचवतो ते मैत्रीने निर्माण केलेले. प्रभातच्या आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी आहे. 'संत तुकाराम' आजही आपण पाहतो. माणसे दुरावल्यावरही काम पुढच्यांच्या हाती जाऊ शकते, जर ते कोणाचे आहे आणि कोणाकडे जायचे आहे हे कुठेतरी नोंदलेले असेल तर. करारनाम्याकडे अविश्वासाचा दस्तऐवज म्हणून पाहण्यात आमची हीच चूक झाली. त्याचा खरा वाचक भागीदार नसतो. भागीदार निघून गेल्यावर त्यांच्या दारात येऊन 'आजीचा आवाज मिळेल का' असे विचारणारा माणूस त्याचा वाचक असतो.

७

आज पुन्हा आरंभ करायचा असता तर आम्ही काय लिहिले असते? फार नाही. प्रत्येकाने काय आणले: पैसे किती, वेळ किती, कोणते कौशल्य, आणि 'बाकी सगळे' हा शब्द कुठेही न वापरता. मते समान पडली तर निर्णय कसा होईल. इथे तयार झालेले काम बाहेर वापरायचे असेल तर कोणाला आधी विचारायचे. डोमेन, सर्व्हर आणि बँकखाते कोणाच्या नावावर, आणि त्यांच्या किल्ल्या दुसऱ्या कोणाकडे. एखाद्याला जायचे झाले तर त्याने किती दिवस आधी सांगायचे आणि बाकीच्यांनी त्याला काय द्यायचे. वर्षातून एकदा, आखाजीला म्हणा, हे सगळे पुन्हा वाचायचे. आणि जे आपले नाही, लोकांनी ठेवायला दिले आहे, त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी, त्यांतली एक व्यवसायाशी संबंध नसलेल्या ग्रंथालयात. नोंदणीकृत भागीदारी करावी, की २००८ च्या कायद्याने उपलब्ध झालेली मर्यादित दायित्व भागीदारी, हा प्रश्न त्यानंतरचा. त्यासाठी तालुक्याच्या गावीही जाणकार मिळतात.

मराठी विभागांतून आज ठिकठिकाणी मौखिक परंपरेचे संकलन चालते. प्रकल्प म्हणून, प्रबंध म्हणून, क्वचित चार मित्रांचा उपक्रम म्हणून. संकलनाची पद्धती आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. संकलित झालेले कोणाच्या नावावर, कोणाच्या पासवर्डाखाली, किती वर्षे राहणार, हे शिकवत नाही. ते पद्धतीचेच अंग मानले पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

गेल्या श्रावणात चौथा मित्र कानबाईच्या रोटांना गावी आला होता. आम्ही त्याला छापखान्यात बोलावले. मालकाने चहा मागवला. उरलेल्या ध्वनिफिती कोणत्या, त्या कोणाकडे आहेत, कोणाच्या आवाजातल्या आहेत, पुढे कुठे द्यायच्या, असे आम्ही लिहून काढले होते. त्याने ते शांतपणे वाचले आणि विचारले, 'यात मी काय केले ते कुठे आहे?' ते खरोखरच नव्हते. मग आम्ही त्याच्याकडून एकेक काम विचारून घेतले आणि लिहिले. दोन पाने झाली. चौघांनी सह्या केल्या आणि मालकाने चार प्रती काढल्या.